सिस्टरचे जर्दाळू

सिस्टर कुणाशी हात मिळवत नसत. समोर आलेल्या माणसाचं मनगट हातात घेत, तीन बोटं टेकवत आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत. हे चालू असताना हवापाण्याच्या गप्पाही चालू असत, त्यामुळे आपली नाडी बघितली जातेय हे नवख्या माणसाच्या लक्षातच येत नसे. अर्धं मिनिट झालं की हात सोडून देत आणि म्हणत, "ठीक आहे. बस." पोस्टमन, बँकेतली मुलगी, सगळे या तपासणीतून गेले होते. एकदा छपराचे पत्रे बघायला आलेल्या माणसाचं मनगट त्यांनी दोन मिनिटं सोडलंच नाही. छपराचं मी बघते, तू आधी डॉक्टरकडे जा, असं सांगून त्याला परत पाठवलं. त्या माणसाच्या हृदयाचे ठोके खरंच चुकत होते. तेव्हापासून दर ऑक्टोबरात तो न बोलावता यायचा आणि त्यांच्या छपराच्या पन्हळीत साचलेला पालापाचोळा काढून जायचा.

माझी आणि त्यांची पहिली भेट जानेवारीतली. लग्नानंतर चार महिन्यांनी, निखिलच्या नोकरीमुळे, आम्ही मिनेसोटातल्या एका लहान शहरात राहायला आलो होतो. निखिल सकाळी सातला ड्राइव्ह करून जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे काम करायची परवानगी नाही. पुण्यात मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं होतं, दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलंही होतं. इथे मी खिडकीत बसून बर्फ बघायचे. त्या दिवशी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला म्हणून घरातल्या कपड्यांत, पायात चपला अडकवून बाहेर आले आणि मागे दार आपोआप लागलं. किल्ली आत, फोन आत. दोन मिनिटांत पायांची बोटं आपली नाहीत असं वाटायला लागलं. शेजारच्या घरात दिवा दिसला, तिथली बेल वाजवली.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, सावळ्या बाईंनी. पांढरे केस बारीक कापलेले, अंगात पुरुषी स्वेटर. मी इंग्रजीत अडखळत काहीतरी सांगायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "कोल्हापुरी घालून बर्फात? पुण्याची काय तू?"

त्यांनी मला खुर्चीत बसवून माझे पाय कोमट पाण्याच्या टबात ठेवले. मी म्हटलं, पाणी अजून थोडं गरम करता का. त्या म्हणाल्या, गरम पाण्यात घातलेस तर ओरडशील, हळूहळू येऊ दे. मी त्यांना काकू म्हणाले, तर त्यांनी हातातला टॉवेल तसाच धरून मला थांबवलं. "मी कोणाच्या काकाची बायको नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढली मी. सिस्टर म्हण." शहरातली सगळी मराठी माणसं त्यांना सिस्टरच म्हणत, हे मला नंतर कळलं. नागपूरहून नर्सिंग शिकून तरुणपणी एकट्याच इथे आल्या होत्या. नवरा पुढे आला, बारा वर्षांपूर्वी गेला. मुलगा आनंद कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला.

चहासाठी दूध काढायला त्यांनी फ्रिज उघडला, तेव्हा खालच्या खणात ओल्या वाळूने भरलेले तीन डबे दिसले. मी विचारलं, काय आहे. "जर्दाळूच्या बिया. थंडीत तीन महिने झोपल्याशिवाय उगवत नाहीत. त्या डब्यांना हात लावायचा नाही, झोपले आहेत ते." मला हसू आलं. जर्दाळू म्हणजे मला माहीत होते ते किराणा दुकानातल्या बरणीतले, तपकिरी, सुरकुतलेले. आजारी माणसाला भिजवून देतात ते. हे फळ झाडावर लागताना रसरशीत असतं, याचा मी एमएस्सी होऊनही कधी विचार केला नव्हता. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, त्यांनाही वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत जर्दाळू वाळलेलाच जन्माला येतो असं वाटत होतं. तिथून आमचं जमलं.

फ्रिजमधल्या बिया बाजारातून मागवलेल्या होत्या; त्यांच्या पहिल्या बियांची गोष्ट त्यांनी मला पुढे मार्चमध्ये सांगितली. त्यांच्या वॉर्डात एक म्हातारी शेतकरी बाई होती, अगदी उत्तरेकडच्या गावातली. घरी परत जायची शक्यता नव्हती. तिच्या मुलीने तिच्यासाठी अंगणातल्या झाडाचे जर्दाळू आणले होते. म्हातारीने ते खाल्ले, बिया कागदी रुमालात गुंडाळल्या आणि ड्यूटी संपवून निघालेल्या सिस्टरच्या हातात दिल्या. सिस्टरनी विचारलं, इतक्या थंडीत झाडाला फळ येतं? म्हातारी म्हणाली, माझ्या आयुष्यात तीनदा आलं. सिस्टर मला म्हणाल्या, "ती तीनदा असं म्हणाली ना, तर अशी म्हणाली, जसं काही तिला खूप मिळालं."

त्या बियांतून तीन रोपं आली. सगळ्यात सरळ, सगळ्यात जोमाचं रोप सिस्टरनी घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लावलं. तिथे दिवसभर ऊन, वाऱ्याला आडोसा, अंगणातली सगळ्यात उबदार जागा. उरलेली दोन ठेवायला जागा नव्हती म्हणून गॅरेजच्या मागे, उत्तरेच्या उताराला लावून टाकली. तिथे एप्रिल संपेपर्यंत बर्फ हलत नाही. पाच वर्षांत दक्षिणेचं झाड मेलं आणि गॅरेजमागची दोन्ही जगली. सिस्टरनी ते मला एखाद्या केसची माहिती द्यावी तसं समजावलं. झाडाला मिनेसोटाची थंडी सोसते. सोसत नाही ती मधली ऊब. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं की भिंतीजवळचं झाड जागं होतं, फुलायला लागतं, आणि पाचव्या दिवशी थंडी परत येऊन त्याला धरते. हिवाळ्यातल्या दुपारी उन्हाच्या बाजूची साल तापते, सूर्य गेला की एका तासात गोठते आणि उभी फाटते. "लाड केले मी त्याचे," त्या म्हणाल्या. त्या मेलेल्या झाडाचं बुंध्याजवळचं खोड त्यांनी काढलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

गॅरेजमागची दोन्ही झाडं जगली होती, पण त्यांनाही फळ कधी लागलं नव्हतं. दर वसंतात फुलं यायची आणि दर वसंतात कुठल्यातरी पहाटे ती काळी पडायची. एका वर्षी हरभऱ्याएवढी फळं धरली होती, तीही जूनमध्ये गळली. तरी सिस्टर दोन्ही झाडांचा चार्ट ठेवत. जाड पुठ्ठ्याची एक वही होती, तिच्यात रोजचं तापमान, कळी कधी फुगली, कुठली फांदी सुकली, सशांनी साल कुठे कुरतडली, सगळं हॉस्पिटलातल्या बारीक, उभ्या अक्षरात. मेल्यासारखी दिसणारी फांदी त्या लगेच कापू देत नसत. नखाने सालीवर एक ओरखडा काढत. आत हिरवं दिसलं की म्हणत, "पेशंट आहे." तपकिरी असेल तरच कात्री, आणि तीही उन्हाळ्यात कोरड्या हवेत, ओल्या दिवसांत नाही, म्हणजे जखमेत रोग शिरत नाही. पुस्तकात मी हे सगळं वाचलेलं होतं, पण आत्तापर्यंतच्या आयुष्यात मी एकही झाड लावलेलं नव्हतं, हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच माझ्याकडून काढून घेतलं.

सिस्टरना आडून बोलता येत नसे, आणि दुसऱ्याने आडून बोललेलं चालत नसे. मराठी मंडळाच्या दिवाळीला, शाळेच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत, एक गृहस्थ त्यांचं आडनाव ऐकून त्यांच्याशी बोलायला लागले. मेश्राम म्हणजे मूळचे कुठले? नागपूर. नागपुरात कुठे? इंदोरा. गृहस्थ तिथे थांबले आणि वाढप्याकडे बघायला लागले. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "तुमचा अजून एक प्रश्न राहिला ना? मी बौद्ध आहे. आता जेवून घ्या, भात थंड होऊन राहिला." आवाज अजिबात चढला नव्हता. मी त्यांच्या मागे ताट घेऊन उभी होते आणि मनातल्या मनात मला फार भारी वाटलं. तसं वाटणं किती सोपं असतं, ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. सिस्टरनी आम्हाला चहाला बोलावलं. चहा समोर आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आज माझा उपास आहे. सकाळी त्यांनी माझ्यासमोर पोहे खाल्ले होते. सिस्टरनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तोही तसाच राहिला. मी माझा चहा प्यायले, बिस्किटं चांगली आहेत असं काहीतरी बोलले. सिस्टरनी सासूबाईंचा कप उचलून मोरीत ओतला आणि आम्हाला झाडं दाखवायला बाहेर नेलं. कुठला कडक शब्द नाही. पण त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. मी खिडकीतून बघायचे, त्या एकट्याच बादल्या उचलत असायच्या.

शेवटी मी गेले. त्या गॅरेजच्या मागे बुंध्यांना पांढरा रंग लावत होत्या, हिवाळ्यातल्या उन्हाने साल फाटू नये म्हणून. मी म्हटलं, सासूबाईंचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्यांचं सोड. त्यांना मी ओळखते, त्यांच्यासारख्या पुष्कळ पाहिल्या. तू काही बोलली नाहीस, ते मी ऐकलं."

मी तिथेच उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी दुसरा ब्रश माझ्याकडे केला आणि खालून वर लावायला सांगितलं. दोन्ही झाडं होईपर्यंत आम्ही रंग लावत राहिलो. त्या संध्याकाळी जेवताना मी सासूबाईंना विचारलं, त्या दिवशी उपास कशाचा होता. निखिल ताटाकडे बघत बसला होता. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे असंच होतं, त्यात बरोबर-चूक काय ते मला कुणी कधी विचारलं नाही. मी म्हटलं, मी विचारतेय. तेव्हा निखिलने मान वर केली आणि म्हणाला, "आई, ती बरोबर बोलतेय." एवढंच झालं. कुणी रडलं नाही, कुणी माफी मागितली नाही. सासूबाई दोन दिवस माझ्याशी कमी बोलल्या. मी दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा बादल्या उचलायला लागले, आणि सिस्टरनी त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

पलीकडच्या बाजूला डेल नावाचा एक निवृत्त ट्रकचालक राहत असे. उंच, कमी बोलणारा. जर्दाळू या राज्यात होत नाही, हे त्याचं ठाम मत होतं आणि ते तो दर मे महिन्यात, फुलं काळी पडली की, कुंपणापाशी येऊन सांगून जात असे. सिस्टर त्याला दर वेळी विचारत, तुझं ब्लडप्रेशर कितीये? तो सांगत असे. त्यांचं संभाषण बारा वर्षं एवढंच होतं.

चौथ्या वर्षी माझं वर्क परमिट आलं. मी रात्रंदिवस कॉम्प्युटरवर अर्ज भरायला लागले. सिस्टर म्हणाल्या, ते बंद कर. हायवेवर रोपांची नर्सरी आहे, त्यांना वसंतात माणसं लागतात, तिथे जा. "एमएस्सी सांगू नको. हात दाखव." मी गेले. नर्सरीच्या मालकिणीने माझा अर्ज बाजूला ठेवला आणि माझ्या नखांतली माती बघून विचारलं, सोमवारी येशील? मी अजून तिथेच आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सशांसाठी बुंध्याभोवती बारीक जाळी बांधताना, सिस्टर बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी धावत गेले तेव्हा त्या पाठीवर पडून होत्या आणि स्वतःच स्वतःची नाडी बघत होत्या. मला म्हणाल्या, उजवा पाय, मला हलवू नको, फोन कर आणि ती जाळी पूर्ण बांध. ऑपरेशन झालं. आनंद आला. तो चांगला मुलगा आहे, आईवर जीव असलेला, पण बोलायला आईसारखाच सरळ. त्याने सांगितलं, आता एकटीनं राहायचं नाही, फ्रीमाँटला यायचं, घर विकायचं. जर्दाळूचं तर काय, तिथे दुकानात ढीग पडलेला असतो, कुणाच्याही परसात झाड असतं. सिस्टर म्हणाल्या, "तिथे माझी काय गरज आहे?" आनंद म्हणाला, झाडाला नसेल, मला आहे. त्यावर त्या म्हणाल्या, येते, पण घर जुलै संपेपर्यंत विकायचं नाही. आनंदने कबूल केलं.

जाताना त्यांनी चार्टची वही माझ्याकडे दिली. दर रविवारी फ्रीमाँटहून व्हिडिओ कॉल यायचा. तब्येतीची चौकशी मी करायची नाही, असा नियम होता. "चार्ट वाच," म्हणायच्या. मी आठवड्याचं तापमान वाचायचे, मग फोन घेऊन बाहेर जायचे आणि एकेक फांदी दाखवायचे. त्यांनी सांगितलं, झाडांच्या मुळांवर बर्फ ढीग करून ठेव, जमीन जितकी उशिरा उघडेल तितकं चांगलं. मी फावड्याने ओढत होते, तेव्हा डेल कुंपणाशी आला. थोडा वेळ बघत राहिला, परत गेला आणि बर्फ उडवायचं मशीन घेऊन आला. त्या हिवाळ्यात त्याच्या ड्राइव्हवेतला सगळा बर्फ सिस्टरच्या झाडांवर पडला. माझ्या कंबरेएवढे दोन ढीग झाले.

मार्चअखेरीला ऊन पडलं. लोक टी-शर्टवर फिरायला लागले, गावातल्या दुसऱ्या झाडांना कळ्या फुटल्या. गॅरेजमागची झाडं झोपलेलीच राहिली. एप्रिल गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात ती फुलली, आणि अशी फुलली की मी कामावरून येऊन कोट न काढता तिथेच उभी राहिले. काळ्या, ओल्या फांद्यांवर एकही पान नाही, नुसती पांढरी फुलं, देठाशी गुलाबी. पण वारा गार होता आणि मधमाशी एकही नव्हती. सिस्टरनी सांगितलं, मऊ ब्रश घे, या झाडावरून त्या झाडावर, त्या झाडावरून या झाडावर. मी शिडी लावून तीन दिवस तेच केलं.

चौथ्या दिवशी दुपारी फोनवर इशारा आला की पहाटे कडाक्याची थंडी पडून दव गोठणार, इथल्या मापात सव्वीस, म्हणजे आपलं शून्याखाली तीन. फुलं एवढी सोसत नाहीत. सूर्य असतानाच झाडं झाकायची, म्हणजे जमिनीतली ऊब आत राहते. मी घरातल्या सगळ्या चादरी काढल्या. एक झाड कसंबसं झाकलं, दुसरं अर्धंच. डेलकडे ताडपत्री होती, ती जड होती, फांद्या मोडल्या असत्या. त्या वसंतात सासूबाई दुसऱ्यांदा आल्या होत्या. त्या दारातून बघत होत्या. आत गेल्या आणि आपल्या बॅगेतल्या सुती साड्या घेऊन आल्या, पाच. माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "या हलक्या आहेत. पुरतील का बघ." डेलने शिडी धरली, मी वर चढले, सासूबाई खालून एकेक साडी वर देत होत्या. टोकं आम्ही विटांनी दाबली.

सिस्टरना मी फोनवर ते दाखवलं. हिरव्या, जांभळ्या साड्या गुंडाळलेली दोन झाडं बघून त्यांनी विचारलं, कोणाच्या? मी म्हटलं, सासूबाईंच्या. त्या म्हणाल्या, "ती जांभळी अजून थोडी खाली ओढ. वारा शिरेल."

सकाळी ऊन चढल्यावर आम्ही साड्या-चादरी काढल्या. सिस्टरनी दहा फुलं तोडून मध्ये नखाने चिरायला सांगितली. आतला मणी काळा असेल तर फूल गेलं, हिरवा असेल तर आहे. मी फोनसमोर एकेक चिरत गेले. काळा, काळा, हिरवा, काळा. शेवटी सहा काळे निघाले आणि चार हिरवे. मला रडू आलं. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "रडून काय राहिलीस? चार आहेत ना."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सिस्टर घराच्या कागदांवर सह्या करायला आनंदबरोबर आल्या. सासूबाई तोपर्यंत पुण्याला परतल्या होत्या. सिस्टर खूप बारीक झाल्या होत्या आणि वॉकर घेऊन चालत होत्या. आल्या आल्या घरात शिरल्याच नाहीत. गवतावरून वॉकर ढकलत सरळ गॅरेजच्या मागे गेल्या. एका झाडावर सत्तावीस फळं होती, दुसऱ्यावर चौदा. सुपारीपेक्षा थोडी मोठी, पिवळी, उन्हाच्या बाजूला लालसर गाल. मी एकही तोडलं नव्हतं. सिस्टरनी एक तळहातावर घेतलं, किंचित पिळलं, ते सुटून हातात आलं. स्वेटरला पुसून त्यांनी ते खाल्लं. आनंद, मी, कुंपणापलीकडे डेल, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरं तोडलं.

मग त्यांनी डेलला एक दिलं. त्याने ते खाल्लं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, आपलं ब्लडप्रेशर एकशे अडतीस आहे. सिस्टर हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना तेव्हा पाहिलं, तेवढंच. संध्याकाळपर्यंत आम्ही झाडाखाली खुर्च्या टाकून बसलो होतो. आनंदने चार खाल्ले आणि कबूल केलं की फ्रीमाँटच्या दुकानातल्या फळाला असा वास नसतो. निघताना मी सिस्टरच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून वर केलं आणि मनगट हातात घेतलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. कितीये, मी विचारलं. म्हणाल्या, मोजत नव्हते.

सप्टेंबरात घरात नवीन माणसं आली, एक तरुण जोडपं, दोघंही शाळेत शिक्षक. मी ओळख करून घ्यायला केक घेऊन गेले, पण झाडांबद्दल काही बोलले नाही. घर आता त्यांचं होतं. त्यांना तिथे शेड घालायची असेल, काय सांगावं. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन सूचना देणारी बाई व्हायची मला लाज वाटली. हिवाळा आला. मी खिडकीतून बघायचे. एका बुंध्याची जाळी वाऱ्याने सरकली होती आणि भोवती सशांची पावलं दिसत होती. रोज वाटायचं, जावं. गेले नाही. सिस्टरना रविवारी मी खोटं सांगितलं नाही, पण पूर्ण खरंही सांगितलं नाही. त्या दमलेल्या असायच्या. चार्ट वाच, असंही आता दर वेळी म्हणत नसत.

फेब्रुवारीत आनंदचा फोन आला. सिस्टरना न्यूमोनिया झाला होता, चार दिवसांत सगळं संपलं. शेवटच्या दिवशी ड्यूटीवरच्या नर्सला त्यांनी सलाइनची सुई नीट बसलेली नाही असं सांगितलं होतं, आणि ती खरंच नीट नव्हती. हे सांगताना आनंद हसला आणि मग त्याने फोन ठेवला. मी त्या आठवड्यात कामावर गेले, परत आले, स्वयंपाक केला. शेजारच्या खिडकीकडे बघायचं मी टाळत होते.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात त्या शिक्षक जोडप्यातली एमिली होती, हातात एक कागद. तिने आनंदकडून बातमी ऐकली होती. ती म्हणाली, मला तुला काही विचारायचं आहे, आम्ही पाच महिने तुझी वाट बघत होतो, केक देऊन गेल्यावर तू परत आली का नाहीस? तिने कागद पुढे केला. घर ताब्यात घेतलं त्या दिवशी तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेला होता. इंग्रजीत, पण अक्षर मी कुठेही ओळखलं असतं, बारीक आणि उभं. घर तापवणाऱ्या भट्टीची जाळी दर दोन महिन्यांनी बदला. पाहुण्यांच्या खोलीतली खिडकी वर उचलून मग ढकला. तळघरात पाणी येत नाही, लोक काहीही सांगतील. अशा सात-आठ सूचना. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं:

"गॅरेजमागची दोन झाडं घराची आहेत. शेजारची बाई झाडांची आहे. तिला येऊ द्या."

मी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. एमिली थंडीत हात चोळत उभी होती. तिने विचारलं, त्या झाडांना खरंच फळं येतात का?

"येतात," मी म्हटलं. "दर वर्षी नाही."

मग मी पक्कड आणि तारेचं भेंडोळं घेतलं, आणि आम्ही दोघी बर्फ तुडवत गॅरेजच्या मागे गेलो.